घराखालची आग

(कोन, तालुका भिवंडी, येथे प्रौढ वर्गाच्या मंडळींपुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुम्हांला एका आगीची हकीकत सांगणार आहोत. ही आग चुलीतली नव्हे. रानातल्या वणव्याचीही नव्हे. ही आग जमिनीच्या पोटात आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ ती धुमसते आहे. आणि तिच्या डोक्यावर माणसांची वस्ती आहे. तिथे माणसे रांधतात, निजतात, लेकीबाळींची लग्ने लावतात.

ऐकून तुम्ही म्हणाल, "ही माणसे वेडी की काय? पायाखाली आग असताना तिथे राहतात कशाला? उठावे आणि चालू लागावे!"

कोणाच्याही मनात आधी हेच येईल. पण ती माणसे वेडी नाहीत. ती तुमच्या-आमच्यासारखीच आहेत. ती का उठत नाहीत, हे समजून घ्यायचे तर आधी कोळसा समजला पाहिजे. मग खाण समजली पाहिजे. आणि शेवटी त्या माणसांची भाकर समजली पाहिजे. ह्याच क्रमाने आपण जाऊ.

कोळशाशी आपले नाते

आपले कोन गाव खाडीकाठचे. इथे भात पिकतो. शेजारी भिवंडीला माग चालतात. कोळशाची खाण आपल्यापासून शेकडो मैल दूर. मग कोळशाशी आपला काय संबंध?

संबंध आहे. माग विजेवर चालतो. घरातला दिवा विजेवर लागतो. आपल्या राज्यातली पुष्कळशी वीज दगडी कोळसा जाळून तयार होते. चंद्रपूरला त्यासाठी फार मोठे वीजकेंद्र आहे. तसेच लोखंडाचे. नांगराचा फाळ घ्या, रेल्वेचा रूळ घ्या, कोयता घ्या. खाणीतला लोहदगड वितळवून लोखंड काढायला भट्टी लागते आणि त्या भट्टीला कोळसा लागतो. म्हणजे कोळसा आपण डोळ्यांनी पाहिला नसला, तरी तो आपल्या घरात रोज येतो.

कोळसा दोन तऱ्हेचा. एक लाकडी कोळसा. आपले कातकरी भाऊ रानात भट्टी लावून तो पाडत असत. दुसरा दगडी कोळसा. तोही मुळात झाडांचाच. कोट्यवधी वर्षांपूर्वीची राने दलदलीत गाडली गेली. त्यांच्यावर गाळ साठला, माती साठली. वरच्या भाराने आणि आतल्या उष्णतेने त्यांचा काळा दगड झाला. तो जमिनीत थराथराने पसरलेला असतो. कुठे हातभर जाड, कुठे घराएवढा जाड.

कोळसा आपोआप कसा पेटतो?

आता एक नवल ऐका. कोळसा पेटायला काडी लावावी लागतेच असे नाही. तो आपला आपण पेटतो.

शेतकऱ्याला हे पटवायला वेळ लागणार नाही. ओला पेंढा रचून ठेवला तर काय होते? दोन-चार दिवसांनी गंजीत हात घातला की चटका बसतो. पेंढा आतून ऊब धरतो. गंज मोठी असेल आणि ऊब बाहेर पडायला वाट नसेल, तर कधी कधी ती पेटही घेते. शेणखताच्या खड्ड्यातून थंडीच्या सकाळी वाफा निघतात, त्याही तुम्ही पाहिल्या आहेत.

कोळशाचे असेच आहे. ताजा फोडलेला कोळसा हवेतला प्राणवायू शोषतो. शोषताना तापतो. वारा खेळता असला तर ती ऊब निघून जाते. हवा मुळीच नसली तर ऊब धरतच नाही. पण हवा थोडी थोडी येत राहिली आणि ऊब अडकून पडली, की कोळसा तापत जातो आणि एक दिवस पेटतो. सोडून दिलेल्या जुन्या खाणीत नेमकी हीच स्थिती असते.

एकदा पेटला की तो भडकत नाही, धुमसतो. आपण राब भाजतो ना? पालापाचोळा आणि शेण यांवर माती पसरून पेटवले की राब सावकाश सरकत जातो. वर ज्वाळा दिसत नाही, पण खाली सारे भाजून निघते. जमिनीखालचा कोळसाही तसाच जळतो. फरक एवढाच की राब एका दिवसात संपतो. कोळशाचा थर मैलोन्‌मैल गेलेला असतो. तो संपायचा कधी? ऑस्ट्रेलिया देशात एक डोंगर आहे. त्याच्या पोटातला कोळसा पाच-सहा हजार वर्षे जळतो आहे, असे जाणकार सांगतात.

तो डोंगर माणसाने पेटवला नाही. पण आम्ही ज्या आगीविषयी बोलतो आहोत, ती माणसाच्या हातून लागली. ती कशी, हे आता पाहू.

खाणीचे खांब

खाण म्हणजे जमिनीखालचे घर समजा. वरून विहिरीसारखा खोल खड्डा खणतात, नाहीतर उतरता बोगदा काढतात. कोळशाच्या थरापर्यंत पोचले की आडवे बोळ खणत जातात. बोळातला कोळसा वर येतो. पण सगळा कोळसा काढला तर वरची जमीन खाली बसेल. म्हणून मधे मधे कोळशाचेच जाड खांब राखतात. आपल्या घराच्या आढ्याला जसे खांब, तसे ते खाणीचे खांब.

आता लोभी माणूस काय करतो? खाण सोडून जाताना तो खांबांकडे बघतो. त्याला खांब दिसत नाहीत, रुपये दिसतात. तो खांब तासतो, कधी सबंध खांबच काढतो. मग वरचा भार पेलायला काही उरत नाही. छप्पर ढासळते. वरच्या जमिनीला भेगा जातात. भेगांतून वारा आत शिरतो. आत कोळशाचा चुरा पडलेलाच असतो. तो ऊब धरतो आणि पेटतो.

ह्याला उपाय नव्हता असे नाही. कोळसा काढून झाला की पोकळीत वाळू भरायची. पाण्याबरोबर वाळू आत सोडली की ती घट्ट बसते. जमीन खचत नाही, आणि हवेलाही जागा राहत नाही. ह्यासाठी १९३९ साली कायदाही झाला. पण वाळू भरायला खर्च येतो, वेळ लागतो. काढायची घाई सर्वांना, भरायची कोणालाच नाही. जुन्या मालकांनी कोळसा नेला आणि पोकळी मागे ठेवली. त्या पोकळीचे फळ पुढच्या पिढ्यांनी भोगले.

झरिया

हे सारे जिथे घडले, त्या गावाचे नाव झरिया. झारखंड राज्यात धनबाद नावाचा जिल्हा आहे. त्या जिल्ह्यात दामोदर नदीच्या खोऱ्यात झरियाचे कोळशाचे क्षेत्र पसरले आहे. लोखंडाच्या भट्टीला लागणारा उत्तम प्रतीचा कोळसा आपल्या देशात मुख्यतः इथलाच.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे रेल्वे गेली आणि खाणी भराभर निघाल्या. संथाळ, बाउरी आणि इतर गरीब जमातींची माणसे कामाला आली. दूरच्या जिल्ह्यांतून दुष्काळाने हाकललेली माणसे आली. कोळसा फोडणाऱ्याला तिथे मलकट्टा म्हणत. नवरा कोळसा फोडी आणि बायको तो टोपलीत भरून वाही. त्या बाईला कामीन म्हणत. बायका जमिनीखालीही काम करीत. पुढे १९३७ साली सरकारने बायकांना जमिनीखाली काम करायला बंदी केली. महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ साली ती बंदी उठवली आणि १९४६ साली पुन्हा घातली. बाईच्या श्रमाची गरज लागली की दार उघडायचे, गरज सरली की लावायचे, असा तो व्यवहार झाला.

१९१६ साली झरिया क्षेत्रातल्या भौरा येथील खाणीत आगीची पहिली नोंद झाली. मग एकीची दुसरी, दुसरीची तिसरी. १९७१ ते १९७३ या काळात सरकारने कोळशाच्या खाणी खाजगी मालकांकडून काढून घेतल्या. झरियाच्या खाणी भारत कोकिंग कोल ह्या सरकारी कंपनीकडे आल्या. त्यांच्याबरोबर आगीही आल्या.

पुढे उघड्या खाणींची पद्धत वाढली. उघडी खाण म्हणजे बोगदा नाही. वरची माती यंत्रांनी उपसून काढायची आणि कोळसा उघडा करायचा. कोळसा लवकर निघतो, स्वस्त निघतो. पण खणता खणता जुने बोळ उघडे पडतात आणि आत धुमसणाऱ्या आगीला मोकळा वारा मिळतो. राखेखालचा निखारा फुंकून फुलवावा, तसे होते.

आगीवरचा संसार

आता तिथला एक दिवस कसा असतो ते ऐका.

पहाटे अंधार असतानाच वस्ती जागी होते. बायका, पुरुष, म्हातारी माणसे टोपल्या आणि पोती घेऊन खाणीच्या कडेला जातात. उघड्या खाणीच्या उतरंडीवर फुटका कोळसा पडलेला असतो. तो वेचायचा. कोळसा कधी कधी हाताला भाजतो. पायाखालची माती तापलेली असते. फटींतून निळसर धूर येतो. पहाटेच्या अंधारात कुठे कुठे लाल निखारे दिसतात.

टोपली डोक्यावर घेऊन चढ चढायचा. घरी आल्यावर काही कोळसा अंगणातच भाजतात. त्यातला धूर निघून गेला की तो चुलीला लावण्याजोगा होतो. मग तो विकायचा. पुरुष पोती सायकलवर लादतात. एका सायकलवर दोन-दोन क्विंटल ओझे असते. अशा सायकलीवर बसता येत नाही. ती ढकलत न्यावी लागते. ढकलत ढकलत कोसच्या कोस जायचे, तेव्हा कुठे चार पैसे हातात येतात.

आणि हे काम कायद्याने चोरी ठरते. कारण कोळसा कंपनीचा. पहारेकरी दिसले की टोपली टाकून पळावे लागते. बघा, ज्याच्या घराखाली कोळसा आहे, ज्याच्या आजाने कोळसा फोडून देशाच्या गिरण्या आणि आगगाड्या चालवल्या, तोच कोळसा वेचताना चोर ठरतो. आम्ही चोरीचे समर्थन करीत नाही. पण पोटाला दुसरे काम दिले नाही आणि नुसते चोर म्हटले, तर तो न्याय अपुरा आहे, एवढे आम्ही म्हणतो.

घराची तऱ्हा अशी. भिंतीला तडा जातो. माणसे तो लिंपतात. पुन्हा जातो. पुन्हा लिंपतात. जमीन गरम लागते. उन्हाळ्यात तर घरात बसवत नाही. पावसाळा आला की आपल्याला सुख वाटते, त्यांना धास्ती वाटते. पावसाचे पाणी भेगांतून तापलेल्या पोटात शिरते, वाफेचे आणि धुराचे लोट उठतात, आणि भिजलेली जमीन बसते. खोकला, दमा, डोळ्यांची आग हे घराघरात.

धुरात विषारी वायूही असतात. त्यांतला एक असा की त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि झोपेतच तो जातो. विषारी वायूची ओळख आपल्या बाजूलाही झालेली आहे. २०१८ सालच्या नोव्हेंबरात कल्याणला एका विहिरीत असाच वायू साठला होता. एक माणूस उतरला तो परत आला नाही. त्याला काढायला गेलेलेही आले नाहीत. पाच जण गेले. त्यांत अग्निशमन दलाचे दोन जवान होते. म्हणून सांगतो, जुन्या विहिरीत, बंद टाकीत कोणी पडला तर मागोमाग उडी टाकू नका. आधी मदत बोलवा.

पुन्हा झरियाकडे वळू. २४ मे २०१७ रोजी झरियात भर वस्तीत रस्त्याच्या कडेची जमीन एकाएकी फाटली. तिथे एका माणसाचे गाड्या दुरुस्त करायचे दुकान होते. तो आणि त्याचा लहान मुलगा दोघेही त्या धुमसत्या खड्ड्यात गेले. त्याच वर्षी १५ जूनला धनबाद ते चंद्रपुरा हा रेल्वेमार्ग बंद केला. हे चंद्रपुरा झारखंडमधले, आपले चंद्रपूर नव्हे. रुळांच्या खाली आग पोचल्याची भीती होती. २०१९ साली तो मार्ग पुन्हा सुरू झाला. रेल्वेची गाडी थांबवता आली. पण रुळांशेजारच्या झोपड्यांतली माणसे कुठे थांबणार आणि कुठे जाणार?

आग विझवायला काय केले?

पाणी ओतून ही आग विझत नाही. पाणी फटींतून वाहून जाते. शिवाय लालबुंद कोळशावर पाणी पडले की पेट घेणारा वायू तयार होतो. म्हणजे विझवायला जावे आणि भडका व्हावा.

उपाय दुसरे आहेत. एक, आगीच्या वर मातीचे जाड पांघरूण घालायचे, म्हणजे हवा कोंडली जाते. वीटभट्टीला आपण बाहेरून माती लिंपतो, तसे. दुसरा, आगीच्या पुढे खोल चर खणून तिची वाट तोडायची. वणवा अडवायला रानात जाळरेषा काढतात, तसे. तिसरा, पोकळीत वाळू भरायची. चौथा, नत्र नावाचा वायू आत सोडायचा. त्यात आग जगत नाही. पाचवा, जळता कोळसा सरळ खणून बाहेर काढायचा आणि गार करायचा.

हे सारे उपाय झरियात झाले. काही आगी विझल्या, काही हटल्या नाहीत. पूर्वी ७७ जागी आग होती, ती २७ जागांवर आली, असे सरकारने २०२५ साली सांगितले. हे काम मोठे आहे. ते करणाऱ्यांना श्रेय दिलेच पाहिजे. पण २७ जागा म्हणजे २७ वस्त्यांची काळजी, हेही विसरता येत नाही.

आग विझवायची नसेल किंवा विझत नसेल, तर माणसे हलवायची. अमेरिकेत सेंट्रेलिया नावाचे एक खाणकामगारांचे गाव होते. १९६२ साली गावाच्या कडेला कचऱ्याचा ढीग पेटला आणि ती आग खालच्या कोळशात शिरली. आधारवाडीच्या कचऱ्याच्या डोंगराला पूर्वी आग लागे, तेव्हा खाडीपलीकडून धूर कसा येई ते तुम्हांला ठाऊक आहे. तिथे खाली कोळसा नव्हता, म्हणून बरे. सेंट्रेलियाची आग मात्र आजही जळते आहे. १९८४ साली तिथल्या सरकारने पैसे मंजूर केले आणि हजाराच्या वर वस्तीचे ते गाव उठवले. आज तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे आहेत. ते गाव लहान होते आणि देश श्रीमंत होता. झरियात मात्र लाखाच्या घरात कुटुंबे आहेत.

घर हलले, भाकर हलली नाही

१२ ऑगस्ट २००९ रोजी केंद्र सरकारने झरियासाठी मोठी योजना मंजूर केली. ७,११२ कोटी रुपयांची. आग विझवायची आणि लोकांना नव्या जागी न्यायचे. त्याप्रमाणे बेलगडिया येथे नवी वसाहत बांधली. एकाला लागून एक इमारती, प्रत्येक कुटुंबाला लहानसे घर.

काही कुटुंबे तिथे गेली. जमीन गार, हवा स्वच्छ. पण सकाळी उठून कामाला जायचे कुठे? झरियात कोळसा होता, बाजार होता, हमाली होती, चार घरची धुणीभांडी होती. बेलगडियात ह्यांतले काही नव्हते. कामासाठी परत झरियात यावे तर मजुरीतला पैसा गाडीभाड्यात जाई. काही माणसे परत धुराकडे गेली. बाकीची हे पाहून जागची हललीच नाहीत.

म्हणजे सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हे. आगीची भीती त्यांना तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त आहे. पण आग आज येईल की उद्या, कोणी सांगावे? भूक मात्र रोज संध्याकाळी न चुकता येते. माणूस रोज येणाऱ्या वैऱ्याचा बंदोबस्त आधी करतो.

दुसरी अडचण कागदाची. योजनेत दोन तऱ्हेचे लोक धरले. एक, ज्यांच्या नावावर जमीन आहे ते. दुसरे, ज्यांच्याकडे तसा कागद नाही ते. बहुतेक कुटुंबे दुसऱ्या प्रकारची. तीन तीन पिढ्या तिथे राहिलेली, पण नावावर वीतभर जागा नाही. ज्याच्याकडे कागद, त्याचा हक्क मोठा. ज्याच्याकडे कागद नाही, त्याने आपण इथले आहोत हे आधी सिद्ध करावे. यादीत नाव आहे का, यादी कोणत्या साली झाली, मुलगा वेगळा झाला तर त्याचे घर वेगळे धरणार का, असे शेकडो वाद.

जून २०२५ मध्ये सरकारने योजना सुधारली. नवी रक्कम ५,९४० कोटी ४७ लाख रुपये. ह्या वेळी एक चांगली गोष्ट झाली. हलणाऱ्या कुटुंबाला उदरनिर्वाहासाठी एक लाख रुपये आणि तीन लाखांपर्यंत कर्जाची सोय ठेवली. कागद असलेल्याला आणि नसलेल्याला, दोघांनाही. हाताला काम शिकवण्याचेही ठरले. नुसते घर दिल्याने माणूस बसत नाही, त्याची भाकरही हलवावी लागते, हे सरकारदरबारी लिहिले गेले. पहिल्या आगीपासून हे लिहायला शंभर वर्षांहून जास्त काळ गेला. आता लिहिलेले अंमलात किती येते, ह्यावर तिथल्या माणसांचे नशीब ठरेल.

आपल्या महाराष्ट्रात

कोणी म्हणेल, झारखंड दूर आहे. मग जवळचे सांगतो.

चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर ह्या आपल्याच जिल्ह्यांत कोळशाच्या खाणी आहेत. वरोऱ्याची सरकारी खाण एकोणिसाव्या शतकात निघाली आणि १९०६ साली बंद झाली. बल्लारपूर, घुग्घुस, राजूर, माजरी ही सारी कोळशाची गावे. ह्या भागातला कोळसाही ऊब धरणारा आहे. ढीग करून ठेवला तर त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते, पाणी मारावे लागते.

२६ ऑगस्ट २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस गावी आमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गेले. भिंत पडली नाही, छप्पर उडाले नाही. सबंध घर कित्येक पुरुष खोल खड्ड्यात उतरले. घरातली माणसे आधीच बाहेर पडली म्हणून वाचली. शेजारच्या कुटुंबांनाही आपली घरे सोडून बाहेर पडावे लागले. त्या वस्तीच्या खाली जुनी, बंद पडलेली खाण होती. तिथे आगीने घर गिळले असे आम्ही म्हणत नाही. पण रोगाचे मूळ एकच. जमिनीतून काढले आणि पोकळी मागे ठेवली.

ज्यांनी तो कोळसा काढला ते निघून गेले. वर कोण आले? ज्यांना दुसरीकडे जागा परवडत नव्हती ते आले. पोकळ जमीन नेहमी गरिबाच्याच वाट्याला येते.

आपण काय शिकायचे?

आपल्या कोनला कोळसा नाही. पण जमिनीचे व्यवहार आहेत. आपल्या तालुक्यात गोदामे उठली, रस्ते आले. नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यात आमण्याला येऊन पोचतो. त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. रस्त्यासाठी, रेल्वेसाठी, उद्योगासाठी जमिनी जातात. तेव्हा झरियाची हकीकत आपल्याही उपयोगाची आहे. तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली. आपला कागद आपण वाचा. सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे ते पाहा. बाप जाऊन दहा वर्षे झाली आणि वारसांची नावे चढली नाहीत, असे घरोघर दिसते. घरपट्टीची पावती, शिधापत्रिका, विजेचे बिल जपून ठेवा. घरातल्या बाईचे नाव कुठे आहे तेही बघा. चावडीवर नोटीस लागली तर ती स्वतः वाचा. कालपर्यंत दुसऱ्याला विचारावे लागत होते. आता तुम्हांला अक्षर येते. त्या अक्षराचा पहिला उपयोग इथे करा. तुमच्या शेजारी कोणी कूळ असेल, कातकरी असेल, भाड्याने राहणारा मागकामगार असेल, तर त्याच्यापाशी कोणता कागद आहे तेही त्याला विचारा आणि जपायला सांगा.

दुसरी. कोणी हलायला सांगितले, तर घर किती मोठे मिळणार, एवढेच विचारू नका. तिथे काम काय, शाळा कुठे, दवाखाना कुठे, पाणी कुठले, जायला यायला गाडी आहे का, हे विचारा. आणि ते लेखी मागा. तोंडी दिलेला शब्द पहिल्या पावसात वाहून जातो.

तिसरी. जमिनीतून काही काढले तर तिथे भरायला शिका. वीटभट्टीसाठी माती काढतो, घरासाठी मुरूम काढतो, खाडीतली रेती काढतो. खड्डा तसाच सोडला तर त्यात पाणी साठते आणि एखाद्याचे पोर त्यात जाते. आपण लहान माणसे, आपला खड्डा लहान. पण झरियातही पहिला खड्डा लहानच होता.

मंडळी, संध्याकाळी घरी जाऊन दिव्याचे बटण दाबाल, तेव्हा क्षणभर त्या माणसांची आठवण करा. दया म्हणून नव्हे. त्यांचे आपल्यावर देणे आहे म्हणून. त्यांच्या घराखालचा कोळसा देशाच्या भट्ट्यांत गेला, त्याचे लोखंड आपल्या दारापर्यंत आले. त्यांच्या वाट्याला धूर राहिला. त्यांना गार जमीन मिळावी आणि त्या जमिनीवर हाताला काम मिळावे, ही मागणी फक्त त्यांची नाही. कोळशाच्या विजेवर ज्याचा दिवा लागतो आणि माग चालतो, त्या प्रत्येकाने ती आपली समजावी.